‘शिक, पण...’

(नारायण पेठेत दहावी-बारावीच्या मुलींच्या पालकांसाठी भरवलेल्या मेळाव्यातलं हे भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढून टाकली आहे.)

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत संकोचून बसलेल्या चार-पाच बाबांनो,

आत येताना तुम्हा सगळ्यांच्या हातात एकेक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर अर्धंच वाक्य होतं : ‘माझ्या मुलीनं विज्ञान शिकावं, पण...’ पुढचं तुम्ही लिहायचं होतं. नाव घालायचं नव्हतं. चहा होईपर्यंत मी त्या सगळ्या चिठ्ठ्या वाचून काढल्या. एकही कोरी आलेली नाही. काही वाचून दाखवते.

‘पण पुण्यातच.’

‘पण मेकॅनिकल नको, तिथे सगळी मुलंच असतात.’

‘पण रात्रपाळीची नोकरी नको.’

‘पण जास्त शिकली तर तिच्यापेक्षा शिकलेला मुलगा कुठून आणायचा?’

‘पण क्लासची फी परवडली तर. धाकट्याचंही बघायचं आहे.’

‘पण घरातलं सगळं आलं पाहिजे.’

आणखी एक चिठ्ठी आहे. ती मी शेवटी वाचणार आहे.

‘मुलीला विज्ञान कशाला?’ असं एकीनंही लिहिलेलं नाही. आपल्या आजीच्या वेळी हाच कागद फिरवला असता, तर बहुतेकींनी तेच सांगितलं असतं, आणि तेही दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेऊन. म्हणजे ‘नको’ गेलं आणि त्याच्या जागी ‘पण’ आलं. हा बदल मोठा आहे आणि त्यासाठी आपल्या आधीच्या बायकांनी फार सोसलं आहे. आज मला बोलायचं आहे ते या ‘पण’बद्दल. कारण माझी खात्री झाली आहे की आपल्या मुली विज्ञान-तंत्रज्ञानात मागे पडतात त्या बुद्धी कमी पडते म्हणून नाही आणि आवड नाही म्हणूनही नाही. त्या या एका शब्दावर अडतात.

आधी थोडे आकडे सांगते. कंटाळू नका, दोन-तीनच आहेत. केंद्र सरकार दरवर्षी देशातल्या उच्च शिक्षणाची पाहणी करतं. २०२१-२२ च्या पाहणीत विज्ञान शाखेत सुमारे ५७ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त, म्हणजे ३० लाखांच्या जवळपास होती. ऐकून बरं वाटतं ना? आता पुढचा आकडा ऐका. अभियांत्रिकीच्या पदवीला २०२०-२१ मध्ये शंभरात साधारण २९ मुली होत्या. आणि देशात संशोधनाचं काम प्रत्यक्ष करणाऱ्यांत बायका शंभरात वीससुद्धा नाहीत.

म्हणजे बी.एस्सी.च्या वर्गात निम्म्याहून जास्त बाकं मुलींची आणि प्रयोगशाळेत पाचातली एक खुर्चीही बाईची नाही. मग मधल्या मुली गेल्या कुठे? त्या काही नापास झाल्या नाहीत. दहावी-बारावीच्या निकालाच्या बातम्या तुम्ही वाचताच, दरवर्षी एकच मथळा असतो : मुलींचीच बाजी. बाजी मारणाऱ्या मुली पुढे कुठे गेल्या, ही बातमी मात्र कुणी छापत नाही. म्हणून ‘मुलींनो, विज्ञानाकडे वळा’ एवढंच सांगून मला खाली बसता येत नाही. मुली वळल्या आहेत. वाट पुढे बंद होते आहे, आणि ती बंद करणाऱ्यांत आपणही आहोत.

या ‘पण’चा इतिहास शोधायला आपल्याला लांब जायला नको. शेजारच्या बुधवार पेठेत भिडे वाड्यात १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. तेव्हा प्रश्न सरळ होता : मुलीनं शिकायचं की नाही? छत्तीस वर्षांनी, १८८४ मध्ये, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक वगैरे मंडळींनी मुलींचं हायस्कूल सुरू केलं. तीच आपली हुजूरपागा, इथून चालत गेलं तर काही मिनिटांवर. तोवर प्रश्न बदलला होता. मुलीनं शिकावं हे शहाणी माणसं मान्य करू लागली होती. आता वाद होता तो ‘काय’ शिकावं आणि ‘किती वेळ’ शिकावं याचा.

टिळकांच्या ‘मराठा’ पत्रात १८८७ मध्ये या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडक टीका झाली. मुलींना अकरा ते पाच शाळेत बसवणं योग्य नाही, सकाळी किंवा संध्याकाळी तीन तास पुरेत. इंग्रजी, गणित, विज्ञान यांचा त्यांना संसारात काय उपयोग. त्यापेक्षा शिवणकाम, घरकाम आणि धर्म-नीती शिकवा, असा त्या टीकेचा सूर होता. लोकमान्यांच्या देशभक्तीबद्दल आपल्याला आदर आहे. पण स्त्री-शिक्षणाच्या बाबतीत त्यांची भूमिका काय होती, हेही पुण्यात राहून आपण विसरू नये. त्याच काळात आगरकर ‘सुधारक’मधून उलट सांगत होते : मुलगा-मुलगी दोघांना एकच शिक्षण द्या आणि तेही एकत्र द्या.

आज वाद कोण जिंकलं? तुम्ही म्हणाल, आगरकर. कागदावर आगरकरच जिंकले. पण ‘मराठा’मधला तो तीन तासांचा हिशेब आठवा आणि ही चिठ्ठी पुन्हा वाचा : ‘पण घरातलं सगळं आलं पाहिजे.’ मुलाच्या चिठ्ठीवर हे वाक्य कुणी लिहिलं असतं का?

आता मी तुम्हाला एका मुलीची गोष्ट सांगते. काहींना ती ठाऊक असेल. ही मुलगी म्हणजे दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला, पुढच्या कमला सोहोनी. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. कमला १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिली आली. तिनं बंगलोरला अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्ज मुलीचा होता.

कमला गप्प बसली नाही. ती बंगलोरला जाऊन थडकली. गांधीजींचे दिवस होते. प्रवेश दिला नाहीत तर तुमच्या दारात सत्याग्रह करीन, असं तिनं सांगितलं. रामननी शेवटी घेतलं, पण अटी घालून. पहिलं वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नाही, काम पाहून ठरवू, ही एक अट. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल, ही दुसरी. आणि तिसरी, तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

कमलाताईंनी अटी मानल्या आणि काम असं केलं की वर्षानंतर रामन यांना मत बदलावं लागलं. पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाताई केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी हे श्वसनाला लागणारं द्रव्य असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. परत येऊन त्यांनी काय केलं? कडधान्यांतली प्रथिनं, नीरा, गरिबाच्या ताटात काय पडतं, यावर आयुष्यभर काम केलं. मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवलं. आणि १९६६ मध्ये मुंबईतल्या बायकांनी ग्राहकांसाठी संस्था उभी केली तेव्हा त्यात पुढे होऊन अन्नातली भेसळ कशी ओळखायची हे गृहिणींना शिकवलं. विज्ञान बाईच्या हातात गेलं की ते स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचतं, ते असं.

पण त्या पहिल्या वर्षाचा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी तो बोलून दाखवला. आपण ही गोष्ट सांगताना नेहमी शेवटावर टाळ्या वाजवतो. मला वाटतं, अटींवर थांबावं. कारण त्याच तीन अटी आजही आपल्या मुलींना घातल्या जातात. घालणारं माणूस तेवढं बदललं आहे.

पहिली अट, ‘आधी सिद्ध कर.’ १९७४ मध्ये आपल्या पुण्याच्या टेल्को कंपनीसाठी इंजिनिअर हवेत अशी जाहिरात लागली. खाली लिहिलं होतं, स्त्रियांनी अर्ज करू नये. बंगलोरच्या त्याच संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीनं चिडून थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. तिला मुलाखतीला पुण्यात बोलावलं आणि टेल्कोची ती पहिली स्त्री-इंजिनिअर झाली. आपण त्यांना सुधा मूर्ती म्हणून ओळखतो. २०२२ च्या अखेरीस बातमी आली की त्याच कंपनीच्या, आता टाटा मोटर्सच्या, पुण्याच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी गाड्यांची जोडणी करणाऱ्या ओळीवर दीड हजाराच्या आसपास मुलीच काम करतात. म्हणजे मुली हे काम करू शकतात की नाही, हा प्रश्न निकालात निघालेला आहे. तरी घरोघरी अजून ऐकू येतं, ‘बघ हं, एका वर्षात जमलं नाही तर सोडायचं.’ मुलगा पहिल्या वर्षी दोन विषयांत राहिला तर आपण त्याला क्लास लावतो. मुलगी राहिली तर स्थळ बघतो.

दुसरी अट रात्रीची. इथे गंमत अशी आहे की कमलाताईंना रात्री काम ‘करावं लागेल’ असं बजावलं होतं आणि आपण मुलींना रात्री काम ‘करायचं नाही’ असं बजावतो. १९४८ च्या कारखाने कायद्यानंही संध्याकाळी सात ते सकाळी सहा स्त्रियांना कारखान्यात काम करायला मनाई केली होती. पुढे सुरक्षेच्या आणि वाहनाच्या अटीवर ती सैल होत गेली. मनाईमागे काळजी होती हे मी नाकारत नाही. पण रस्ता सुरक्षित करायचा सोडून मुलीला घरात ठेवणं, याला मी तरी काळजी म्हणणार नाही. कितीतरी प्रयोग संध्याकाळी सहाला थांबत नाहीत. वसतिगृहाचं दार मुलांना अकरा वाजेपर्यंत उघडं आणि मुलींना आठला बंद असेल, तर तीन तास प्रयोगशाळा एकट्या मुलांची होते. पुन्हा तेच तीन तास!

तिसरी अट वातावरण बिघडण्याची. मुलगी आली की मुलांचं लक्ष उडेल, म्हणून मुलगी दोषी. आज आपल्याकडे कायदा उलट बाजूनं बोलतो. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे तक्रार समिती असलीच पाहिजे. वातावरण चांगलं ठेवण्याची जबाबदारी आता संस्थेची आहे, मुलीची नाही. ‘तिथे सगळी मुलंच असतात’ असं लिहिणाऱ्या ताईंना मी एवढंच विचारते, आपण सगळ्यांनी आपापली मुलगी काढून घेतली तर तिथे कायम मुलंच राहणार ना?

मैत्रिणींनो, आता मला एक कबुली द्यायची आहे. तुमच्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या, तर माझीही वाचायला हवी.

मी एम.एस.डब्ल्यू. करून नुकती कामाला लागले होते. नदीकाठच्या एका वस्तीत आमचा अभ्यासवर्ग चाले. तिथली एक मुलगी दहावीला उत्तम मार्कांनी पास झाली. तिला तंत्रनिकेतनात मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता. घरातला पंखा, मिक्सर, शेजारच्याची सायकल, सगळं ती उघडून बसायची. वडील टेम्पो चालवत. ते हट्टाला पेटले होते : मुलांच्या कॉलेजात पाठवणार नाही, त्यापेक्षा लग्न करून टाकतो. मुलीनं मला बोलावलं. मी दोन संध्याकाळी त्या घरी गेले. खूप समजावलं. शेवटी तोडगा काढला. लग्न नाही, मेकॅनिकलही नाही. जवळच्या मुलींच्या कॉलेजात अकरावी कॉमर्स. वडील खूश, आई खूश. आईनं मला पोहे करून घातले. मुलगी काही बोलली नाही. मी फाइलमध्ये लिहिलं, ‘मुलीचे शिक्षण सुरू राहिले. समुपदेशन यशस्वी.’

काही वर्षांनी ती मला लक्ष्मी रोडवर एका दुकानाच्या गल्ल्यावर भेटली. बी.कॉम. झालेली, लग्न ठरलेलं. हसून बोलली. धाकटा भाऊ काय करतो विचारलं, तर म्हणाली, ‘मेकॅनिकलचा डिप्लोमा करतोय. मार्क माझ्यापेक्षा कमी होते, पण मिळाली सीट.’ मग निघताना सहज म्हणावं तसं म्हणाली, ‘ताई, तुम्ही त्या दिवशी माझ्या बाजूनं बोलायला आला होता ना?’

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिचा बाप ‘नको’ म्हणत होता आणि ‘पण’ मी आणलं होतं. शिक, पण कॉमर्स. शिक, पण मुलींच्या कॉलेजात. बाईचं भलं चिंतणारी शिकलेली बाईसुद्धा अट घालणाऱ्यांच्या रांगेत किती सहज जाऊन उभी राहते, हे मी त्या दिवशी शिकले. म्हणून आज मी तुम्हाला उपदेश करायला आलेले नाही. एकाच चुकीच्या गावच्या आपण सगळ्या आहोत.

त्या घरी तेव्हा मी काय सांगायला हवं होतं, ते आता तुम्हाला सांगते.

एक, दहावीनंतर अकरावी सायन्स हा एकच रस्ता नाही. त्यात क्लास आणि प्रवेश परीक्षा यांचा खर्च सगळ्यांना झेपत नाही, हे मला माहीत आहे. तंत्रनिकेतनाचा डिप्लोमा दहावीच्या मार्कांवर मिळतो, तीन वर्षांचा असतो आणि पुढे इच्छा असेल तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआय आहे, औंधला तर खास मुलींची सरकारी आयटीआय आहे. ज्यांना मुलींचंच कॉलेज हवं त्यांच्यासाठी कर्वेनगरला महर्षी कर्व्यांच्या संस्थेनं १९९१ मध्ये मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलेलं आहे. ते आपल्या देशातल्या पहिल्या काहींपैकी. वडिलांची अडचण ‘मुलं असतात’ एवढीच होती, तर तिलाही उत्तर होतं. मला ते सुचलं नाही, कारण ‘मुलगी आणि यंत्र’ हे चित्र माझ्याही डोक्यात बसत नव्हतं.

दोन, पैशाचं. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशांत मुलींसाठी ३० टक्के जागा असतात. २०२४-२५ पासून सरकारनं आणखी एक निर्णय केला : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. त्यासाठी प्रवेश सरकारी फेरीतून घ्यावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्त्या आधीपासून आहेत. दाखले आत्ताच काढायला लागा; उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला यांसाठी ऐन जूनमध्ये रांगा लागतात. ‘धाकट्याचंही बघायचं आहे’ असं लिहिणाऱ्या ताई, धाकट्याचं बघाच. पण थोरलीच्या वाट्याची ही सवलत वाया घालवू नका.

तीन, कॉलेज बघायला जाताना इमारत आणि कॅन्टीन बघून परत येऊ नका. चार प्रश्न विचारा. वर्कशॉपच्या इमारतीत मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का? तक्रार समितीत कोण कोण आहे, त्यांची नावं भिंतीवर लावली आहेत का? प्रयोगशाळा आणि वाचनालय मुलींना किती वाजेपर्यंत खुलं? वसतिगृहाच्या वेळा मुलामुलींना सारख्या का? विचारणारे पालक दहा झाले की कॉलेजला उत्तरं तयार ठेवावी लागतात.

चार, आणि हे सगळ्यात अवघड. मुलगी शिकते, नोकरीला लागते आणि मग लग्न, बाळंतपण. पाचातली ती खुर्ची इथेच रिकामी होते. १९७३ मध्ये मुंबईत स्त्री-शास्त्रज्ञांनी आपली संघटना बांधली. मोठमोठ्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्या या बायका. वाशीला त्यांनी संस्था उभी केली, तेव्हा काय काढलं? नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर! त्यांना अनुभवानं कळलं होतं की बाईचं संशोधन कुठे अडतं. २०१७ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. संसारामुळे खंड पडलेल्या बायकांना संशोधनात परत येता यावं म्हणून केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं योजनाही आखल्या. पण पाळणाघर, रजा, योजना हे सगळं बाईच्या नावावर, आणि बापाच्या नावावर काय? मूल दोघांचं आहे. आपला मुलगा सून आणणार असेल, तर त्याला आजपासून वरण-भाताचा कुकर लावायला शिकवा. तुमच्या मुलीला विज्ञानात टिकवण्यासाठी दुसऱ्या कुणाच्या मुलाला तो लावता यायला हवा, हे लक्षात ठेवा.

हे अशक्य नाही. शिरूर तालुक्यात पाबळ गावात १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय अनेक खेड्यांतल्या शाळांत आठवी ते दहावीला शिकवला जातो. त्यात वेल्डिंग, वायरिंग, शेती आणि घर-आरोग्य, चारही भाग मुलगे आणि मुली दोघांनीही करायचे असतात. हात चालले की भीती जाते. शहरातल्या आपल्या मुलींना मात्र आपण अजून प्लग बदलू देत नाही. ‘शॉक बसेल, दादाला बोलाव.’ विज्ञानातून मुलीला पहिल्यांदा उठवलं जातं ते इथे, घरातल्या स्टुलावरून.

शेवटी हुजूरपागेत परत येते. या शाळेत एक मुलगी होती, रोहिणी गोडबोले. त्यांनीच पुढे सांगितलं आहे की शाळेत खालच्या वर्गांत मुली म्हणून गृहविज्ञान होतं. स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी त्यांना विज्ञान वेगळं वाचावं लागलं. तिथून त्या स. प. महाविद्यालय, मुंबईची आय.आय.टी. आणि अमेरिका असं करत कणभौतिकीतल्या मोठ्या शास्त्रज्ञ झाल्या. १९९५ पासून त्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होत्या. हो, तीच संस्था. कमला भागवतांना जिच्या दारात सत्याग्रहाची भाषा करावी लागली, तिथे नारायण पेठेतल्या शाळेतली मुलगी प्राध्यापक झाली. त्यांनी २००८ मध्ये भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या जीवनकथांचं पुस्तक सहसंपादित केलं आणि स्त्रियांना विज्ञानात बरोबरीनं जागा मिळावी म्हणून शेवटपर्यंत भांडत राहिल्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या.

अशा बायकांच्या गोष्टी सांगितल्या की आपण म्हणतो, ‘त्या असामान्य होत्या हो.’ होत्याच. पण असामान्य मुलीच तेवढ्या अटी ओलांडून पुढे जाणार असतील, तर सामान्य मुलीचं काय? सामान्य बुद्धीचे किती मुलगे आज इंजिनिअर म्हणून नोकऱ्या करताहेत! आपल्या मुलीलाही साध्या, मध्यम मार्कांच्या, कधी नापास होऊन पुन्हा बसणाऱ्या विद्यार्थिनीसारखं शिकता यायला हवं. मी बरोबरी म्हणते ती एवढीच.

आता राहिलेली चिठ्ठी. अक्षर जरा वाकडं आहे. लिहिलंय, ‘माझ्या मुलीनं विज्ञान शिकावं, पण मला तिचा अभ्यास घेता येत नाही. मी सातवी शिकले.’

ही चिठ्ठी कुणाची आहे मला माहीत नाही आणि हात वर करू नका. पण बाई, या ढिगाऱ्यात तुमचीच एक चिठ्ठी अशी आहे जिच्यात मुलीला कुठलीच अट नाही. ‘पण’च्या पुढे तुम्ही मुलीचं काही लिहिलं नाहीत, स्वतःची खंत लिहिलीत. अभ्यास घ्यायला आमच्या गटातल्या मुली आहेत, दर शनिवारी संध्याकाळी, इथेच, फी नाही. तुम्ही फक्त त्या दोन तासांत तिला भांडी घासायला बोलावू नका.

बाकीच्या सगळ्यांना जाताना दारात आपापल्या चिठ्ठ्या परत मिळतील. घरी न्या. मुलीला दाखवा. तुमच्या यादीत पाच ‘पण’ असतील तर पाचही आज खोडा असं मी म्हणत नाही, मला घरं माहीत आहेत. एक खोडा. तिच्यासमोर खोडा. आणि कुठला खोडायचा, ते तिला ठरवू द्या.